ट्रॅक्टर बंद, चहा चालू

अकोल्यात माणसाला एकांत हवा असेल तर त्याने काहीही करावं, पण अंगणात ट्रॅक्टरचं बोनेट उघडू नये. लग्नाची पत्रिका घरी नेऊन दिली तरी जी माणसं येत नाहीत, ती बोनेटची कुरकुर ऐकून येतात. फाटक ढकलतात, कमरेवर हात ठेवतात, इंजिनाकडे खालून वर पाहतात आणि निदान करतात, "हवा धरली असन."

हवा धरणं हा आमच्या वऱ्हाडातला सर्वमान्य रोग आहे. ट्रॅक्टर उठत नाही, हवा धरली. विहिरीवरची मोटार पाणी ओढत नाही, हवा धरली. नवा जावई दिवाळीला येऊन गप्प बसला, तरी माजघरात हीच शंका. रोगाचं नाव सांगणारे गल्लीत पैशाला पासरी. हवा काढणारा मिस्त्री मात्र एकच, आणि तो ‘उद्या येतो’ म्हणून गेलेला.

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी होतंच. कुणाला साखर होते, कुणाला कविता होतात. मला ट्रॅक्टर झाला. कौलखेडच्या बाजूला आमच्या घरामागे अर्धा एकर वडिलोपार्जित वावर आहे. त्यात लिंबाची काही झाडं, दोन वाफे वांगी, एक शेवगा आणि उरलेल्या जागेत गाजरगवत. या इस्टेटीला एक खुरपं आणि एक मजूर पुरतो. पण लिंबाच्या दोन रांगांमधून अलगद जाईल, शेवग्याला वळसा घालून परत येईल, असा एखादा छोटा ट्रॅक्टर आपल्याकडे असावा असं माझ्या मनाने घेतलं. तेल्हारा तालुक्यातल्या एका नातेवाइकाच्या गोठ्यात तो उभाच होता. सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती.

"चालू आहे का?" मी विचारलं.

"चालूच होता न भाऊ," नातेवाईक म्हणाले. "कोंबडी उठली की न्या."

तो टेम्पोत बसून आला. बायको दारात ताट घेऊन उभी होती. तिने टेम्पोकडे पाहिलं, वर बांधलेल्या ट्रॅक्टरकडे पाहिलं आणि विचारलं, "अहो, ओवाळू कोणाला? जो चालत आला त्याला, की जो बसून आला त्याला?"

कंपनीचं नाव सांगत नाही. बिचारीने कधीकाळी धडधाकट ट्रॅक्टर दिला होता. पुढचे प्रताप त्यानंतरच्या अनेक मालकांचे आणि त्यांच्या सल्लागारांचे. इंजिन एका सिलिंडरचं आणि हवेने थंड होणारं. म्हणजे रेडिएटर नाही, पाणी नाही. सिलिंडरला बाहेरून पातळ धातूच्या पट्ट्या आणि त्यांवर वारा घालणारा पट्ट्यावरचा ब्लोअर, एवढाच थाट. ही तऱ्हा मूळची थंड मुलखातली. बव्हेरियातल्या फॉर्स्टर्न गावी आयशर बंधूंनी 1936 साली पहिला ट्रॅक्टर बनवला आणि पुढे हवेने थंड होणारी डिझेल इंजिनं ही त्यांची खासियत झाली. तिकडे हिवाळ्यात रेडिएटरमधलं पाणी गोठतं, ही त्यांची अडचण. त्यांच्याच सहकार्याने फरिदाबादच्या कारखान्यातून 24 एप्रिल 1959 रोजी भारतात जुळवलेला त्यांचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. आमची अडचण जरा वेगळी. आमच्याकडे रेडिएटरमध्ये ओतायचं तर आधी महानच्या धरणातून नळाला पाणी यावं लागतं, आणि नळाचा दिवस कोणता हे बायकोशिवाय कुणाला पाठ नसतं. तेव्हा बव्हेरियाला जे इंजिन थंडीमुळे मानवलं, ते अकोल्याला नळामुळे मानवतं. प्रगती अशी दोन्हीकडून येते.

प्रश्न एकच होता, आणि तो मी मिस्त्रीला विचारला. "इंजिन हवेने थंड होतं म्हणता, पण इथं मे महिन्यात हवाच पंचेचाळीस डिग्रीची. ते थंड होणार कसं?"

मिस्त्री खर्रा घोटत होता. पन्नीतली सुपारी, तंबाखू आणि चुना तळहातावर एकजीव होईस्तोवर तो कोणत्याही यांत्रिक प्रश्नाचं उत्तर देत नाही. चिमूट दाढेखाली गेल्यावर म्हणाला, "भाऊ, पंचेचाळीस म्हंजे तुमाले उन्हाया. इंजिनाचं हेड दीडशेच्या वर तापते. त्याले हा हिवायाच हाय."

उत्तर शास्त्रशुद्ध होतं, त्यामुळे मला राग आला.

2024 च्या मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात उन्हापायी चक्क 144 कलम लागलं होतं. भर दुपारच्या शिकवण्या बंद करायला लावल्या होत्या. दंग्यासाठी कलम लागलेलं आम्ही पाहिलं होतं, सूर्यासाठी पहिल्यांदाच पाहिलं. रस्ते ओस पडले, बाजारात शुकशुकाट. गर्दी काय ती आमच्या अंगणात, कडुलिंबाखाली, बोनेटभोवती. पोलिसांनी हटकलं असतं तर सांगायला कारण तयार होतं: हवा काढून राहिलो.

मिस्त्रीने पहिल्या दिवशी फक्त पत्र्याचं आवरण काढलं. आत सिलिंडरच्या पट्ट्या दिसायला हव्या होत्या, त्या दिसल्याच नाहीत. सोयाबीनचं कुटार, कापसाचं बोंड, चिमणीचं एक घरटं आणि एक रुपयाची जुनी नोट, असा सगळा खरीप तिथे साठला होता. वारा जायला फट नाही म्हटल्यावर इंजिन तापून बंद पडणारच. मिस्त्रीने तारेच्या ब्रशने एकेक पट्टी मोकळी केली. नोट खिशात घालत म्हणाला, "हे मजुरीत धरत नाही बरं का."

दुसरा दिवस हवा काढायचा. डिझेल टाकीतून फिल्टरमध्ये येतं, तिथून पंपात, पंपातून बारीक पोलादी नळीने नोझलपर्यंत. या वाटेवर कुठंही हवेचा बुडबुडा शिरला की पंपाचा दाब तो बुडबुडाच खातो, नोझल उघडत नाही आणि ट्रॅक्टर नुसता हुंकार भरतो. मिस्त्रीने फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू दोन आटे सैल केला आणि अंगठ्याने पंपाची कळ दाबू लागला. टच, टच, टच. स्क्रूच्या कडेने आधी नुसता फेस आला. मग डिझेल आणि बुडबुडे एकमेकांना ढकलत आले. मग मोहरीएवढा एकच हट्टी बुडबुडा कडेला अडून बसला. सगळं अंगण श्वास रोखून त्याच्याकडे पाहत होतं. तो फुटला आणि मागून स्वच्छ, सलग धार लागली. मिस्त्रीने कळ दाबता दाबताच स्क्रू आवळला. मग नोझलजवळचा नट सैल करून सेल्फ मारायला लावला, तिथूनही डिझेल उडालं, तोही नट आवळला. "झालं. तोंड धुऊन येतो, मग चालू करू."

तो नळावर गेला. तेवढ्यात गल्लीतले काका पुढे आले. त्यांनी माझ्या हातातून पाना घेतला आणि फिल्टरवरचा स्क्रू पुन्हा सैल केला.

"काका, हे काय?"

"काई नाही बे. पायतो, खरंच निंघाली का हवा."

काकांना बोलायची सोय नाही. 1959 च्या डिसेंबरात भाऊसाहेबांनी, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांनी, दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं होतं. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर त्याला आले होते. काकांचे वडील त्या वेळी काकांना खांद्यावर बसवून तिथे घेऊन गेले होते, असं काका सांगतात. काकांच्या आणि प्रदर्शनाच्या वयाचा हिशेब केला तर तेव्हा ते अकरा वर्षांचे भरतात, त्यामुळे खरं कौतुक वडिलांच्या खांद्यांचं. पण अमेरिकेचा ट्रॅक्टर ज्याने खांद्यावरून पाहिला, त्याला फरिदाबादची सर्वसाधारण विद्या काय शिकवणार?

सल्लागारांत दुसरे गुरुजी. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. त्यांनी मिस्त्रीला उभं करून विचारलं, "इंजिनाचे चार टप्पे कोणते?"

मिस्त्री गप्प.

"शोषण, संपीडन, शक्ती आणि उत्सर्जन. म्हण."

"गुरुजी," मिस्त्री म्हणाला, "याच्यात चारही हायेत. पण एका रांगेत येऊन नाही राहिले."

तिसरा आमच्याकडे भाड्याने राहणारा, कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी शिकणारा पोरगा. त्याने मोबाइलवर हिशेब मांडला. अर्धा एकर वावर, छोटा रोटाव्हेटर, फार तर दीड तासाचं काम. वर्षातून दोन मशागती धरल्या तर ट्रॅक्टरला वर्षाकाठी काम तीन तास. "काका, मग उरलेलं वर्ष याचं काय करता?"

सगळे त्याच्याकडे रागाने पाहू लागले. उरलेल्या वर्षाचाच तर सगळा खेळ होता. विद्यापीठ 1969 पासून आमच्या गावात आहे, पण व्यवहारज्ञान अजून पोरांपर्यंत पोचलं नाही.

याशिवाय दोन जण होते, ज्यांच्याकडे स्वतःचे जुने ट्रॅक्टर होते. हे दोघं मदतीला येत नसत, तुलना करायला येत. एकाकडे एचएमटी. "तुमची कंपनी तरी हाय," तो खोल आवाजात म्हणायचा. "माह्या ट्रॅक्टरचा पिंजोरचा कारखानाच सरकारनं 2016 मंधी बंद करून टाकला. माहा ट्रॅक्टर अनाथ हाय." यावर दुसरा, स्वराजवाला, छाती काढायचा. स्वराज 1974 पासूनचा, दुर्गापूरच्या सरकारी प्रयोगशाळेत देशी डोक्यातून निघालेला, त्यात परदेशी काही नाही, बिघाडसुद्धा देशी. कोणाचा ट्रॅक्टर जास्त दिवस बंद आहे यावर दोघांची एकदा कचाकचा बाचाबाची झाली. शेवटी मिस्त्रीने निकाल दिला. "मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन 1921 सालचं, मँचेस्टरचं. 1994 लोक धावलं. तुमी दोघं काहाले भांडता?" दोघंही वरमले. तेवढ्यात चहा आला.

चहा हा या दुरुस्तीतला सर्वात जास्त खपलेला द्रव. डिझेल दुसऱ्या नंबरवर. बायको दर वेळी खिडकीतून डोकी मोजायची आणि कप काढायची. कप कमी पडू लागले तेव्हा तिने स्टीलचे ग्लास काढले, ग्लास कमी पडले तेव्हा तिने मला बोलावलं.

"अहो, याच पैशात मजूर लावले असते तर वावर सहा वेळा निंदून झालं असतं."

"पण ट्रॅक्टर उभा राहील ना."

"उभाच तर आहे."

घरातलं तिचं राज्यही हळूहळू जिंकलं जात होतं. कणकेची जुनी परात पुर्जे भिजवायला अंगणात गेली. चहाची गाळणी डिझेल गाळायला गेली. नोझल धूळ लागू नये म्हणून मी फडक्यात गुंडाळून मसाल्याच्या कपाटात ठेवलं, आणि सणाच्या घाईत ते पुडीतलं काहीतरी म्हणून फोडणीच्या तेलापर्यंत पोचून परत आलं. त्या दिवसापासून भाजी वाढताना ‘आज डिझेल कोणत्या कंपनीचं?’ असं कुणीतरी विचारतंच.

नोझल तपासायला बाजारात नेलं. दुकानदाराने ते उजेडात धरलं, फिरवलं, आणि एखाद्या पुरातन नाण्याकडे पाहावं तसं पाहून विचारलं, "हे कोठी सापडलं?"

"ट्रॅक्टरमध्ये."

"हा पार्ट आता येत नाही. इंदूरले भेटन."

आमच्याकडे जे मिळत नाही ते सगळं इंदूरला मिळतं. अजून कुणी जाऊन पाहिलेलं नाही. दुसऱ्या दुकानात सांगितलं नागपूर, तिसऱ्यात राजकोट. चौथ्या दुकानदाराने खालच्या फळीवरून धूळ झटकून नेमकं तेच नोझल काढलं आणि म्हणाला, "आमच्याच गावात भेटते हो, पण विचारतच नाही कोणी." तरीही गल्लीत मी ‘इंदूरहून मागवलं’ असंच सांगितलं. स्थानिक वस्तूला मान नसतो.

यात पोळा आला. आईने आदल्या दिवशी हट्टच धरला की घरचा बैल आता हाच, तेव्हा याचीही खांदमळणी झाली पाहिजे. तिने बोनेटच्या दोन्ही अंगांना लोणी-हळद लावली, मी पुढच्या दिव्यांना बेगड चिकटवलं, नातवाने पुढच्या चाकांना गोंडे बांधले. पोळ्याच्या जागेपर्यंत न्यायला ट्रॅक्टर चालू होईना. बॅटरीने ‘कट्’ एवढंच म्हटलं. पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत, म्हणून माणसांना जुंपलं. काका, गुरुजी, अनाथ आणि देशी असे सगळे मागून लावले. बाजूने एक सजवलेली खिल्लारी जोडी झुल्या हलवत चालली होती. त्यातल्या डाव्या बैलाने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. वऱ्हाडातल्या बैलांनी पिढ्यान् पिढ्या जे सोसलं त्याचा सगळा हिशेब त्याला त्या एका क्षणात चुकता झालेला दिसला.

आणि मग, रब्बीच्या तोंडावर एका सकाळी, कुणीही भोवती नसताना, मिस्त्रीने नवी बॅटरी जोडली, कळ उचलून सिलिंडरमधला दाब मोकळा केला, सेल्फ मारला, इंजिनाने वेग घेतला तशी कळ सोडली. धाड! धुराचा एक काळा लोळ कडुलिंबात शिरला. मग टक्‌टक्‌टक्‌टक् असा एका सिलिंडरचा तो ठसठशीत ठेका सुरू झाला. बायको बाहेर आली. कुंकवाची कोयरी घेऊनच आली होती, पण ट्रॅक्टरला लावू की मिस्त्रीला, असा तिला पुन्हा प्रश्न पडला. मिस्त्रीला लावलं.

आवाज गल्लीत गेला. वाटलं, आता सगळे कौतुकाला येतील. आलेच, आणि भराभर आले.

"जमलं म्हणा भाऊ," काका म्हणाले. "आता असं करा, उद्या फक्त दोन तास आमच्या वावरात पाठवा. हरबरा पेरायचा हाय."

गुरुजींच्या मेव्हण्याला विटा आणायच्या होत्या. अनाथला त्याचा एचएमटी ओढत वर्कशॉपला न्यायचा होता. स्वराजवाल्याच्या पुतण्याची वरात होती, आणि नवरदेव घोड्याला घाबरतो म्हणे. विद्यापीठातला पोरगा संकोचून उभा होता. त्याला फक्त प्रकल्पासाठी फोटो हवे होते, पण नांगरटीत, आणि नांगरट दुसऱ्याच्या शेतात. ट्रॅक्टर गेला तो दिवसभर फिरतच राहिला. कोणाच्या वावरात डिझेल संपलं, कोणाच्या बांधावर पट्टा तुटला, वरातीत बॅण्डवाल्याने त्याच्या ठेक्याशी ताल जुळवायचा प्रयत्न करून हार मानली. परत आला तेव्हा पट्ट्यांमध्ये पुन्हा कुटार, टाकीत वास तेवढा डिझेलचा, आणि सोबत निरोप: "भाऊ, चालता चालता बंद पडला. हवा धरली असन. बोनेट उघडलं की बोलवा."

मी बोनेट उघडलं. अंगण पुन्हा भरलं. काकांनी पाना घेतला.

या सगळ्यातून मला जी अक्कल आली ती जुना ट्रॅक्टर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक वऱ्हाडी माणसाच्या कामी यावी म्हणून सांगतो. ट्रॅक्टर बंद असतो तोवर तो सगळ्या गावाचा असतो, चालू झाला की त्याहून जास्त गावाचा होतो. बंद असताना लोक तुम्हाला सल्ला देतात, चालू असताना ट्रॅक्टर मागतात, आणि सल्ला कितीही वाईट असला तरी तो डिझेल पीत नाही. तेव्हा ब्लोअरचा पट्टा वेळेवर बदला, दर मोसमाला पट्ट्यांमधलं कुटार काढा, तेल-फिल्टर सांभाळा, हवा नीट काढा. थोडक्यात, ट्रॅक्टर अगदी झकास ठेवा. मशागत पहाटे, गाव झोपेत असताना उरकून घ्या. आणि उजाडायच्या आत नोझल काढून खिशात टाका. कुणी मागायला आलंच, तर चेहरा पाडून एवढंच म्हणा, "काय सांगू भाऊ, नोझल इंदूरले गेलं हाय."